जंगलाचा कारभार आणि फेरविचाराची शिस्त

संरक्षित निसर्गक्षेत्राचा कारभार म्हणजे अपुऱ्या माहितीवर घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांची लांबलचक मालिका. पाणवठे किती आणि कुठे बांधायचे, कुरणातले गवत कधी जाळायचे, गुरे कुठवर येऊ द्यायची, गाव हलवायचे की गावाला सोबत घेऊन जंगल राखायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे पक्के उत्तर आराखडा लिहिताना कुणाच्या हाती नसते. पाऊस दरवर्षी वेगळा पडतो, नवे तण शिरते, जनावरे नकाशावरच्या रेघा जुमानत नाहीत आणि भोवतालच्या माणसांचे जगणेही बदलत राहते. म्हणून आज घेतलेला निर्णय हा तपासून पाहायचा अंदाज मानावा, त्याचा परिणाम मोजावा, नोंदवावा आणि अंदाज चुकला असेल तर निर्णय बदलावा, या विचारावर उभ्या असलेल्या पद्धतीला अनुकूलनशील व्यवस्थापन म्हणतात. हे काम एकट्या वनखात्याचे न राहता ग्रामसभा, शास्त्रज्ञ, न्यायालये, शेजारची राज्ये आणि जंगलावर जगणारी माणसे मिळून करू लागली, की तो अनुकूलनशील कारभार होतो.

छत्तीसगडमध्ये हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. रायपूरहून काही तासांत गाठता येतील अशा अभयारण्यांत गेल्या दोन दशकांत काही प्रयोग फसले, काही सावरले, काहींचा निकाल अजून लागायचा आहे. त्यांतून जंगलाच्या कारभारात शिकणे म्हणजे नेमके काय, हे नीट दिसते.

विचाराचे मूळ

कॅनडातले परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी १९७८ साली संपादित केलेल्या ग्रंथात या पद्धतीची पहिली नेटकी मांडणी झाली. त्यांचे सहकारी कार्ल वॉल्टर्स यांनी १९८६ मध्ये ती आणखी पुढे नेली. निसर्गाच्या व्यवस्था गुंतागुंतीच्या असतात, त्या सरळ रेषेत बदलत नाहीत आणि अभ्यास पूर्ण होईपर्यंत थांबायलाही सवड नसते. तेव्हा काम करता करताच शिकायचे आणि शिकलेले लगेच कामात आणायचे, हे त्यांचे म्हणणे.

पुढे लक्षात आले की पद्धत चांगली असून भागत नाही, ती राबवणारी व्यवस्थाही तशीच लवचिक लागते. थॉमस डीट्झ, एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि पॉल स्टर्न यांनी २००३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सामाईक साधनसंपत्तीच्या कारभारावर लेख लिहिला. विश्वासार्ह माहिती, तंटे मिटवण्याची सोय, नियम पाळले जातील अशी व्यवस्था, लागणारी साधने आणि बदलाची तयारी, अशा पाच गरजा त्यांनी मांडल्या. सामाईक जंगल, चराऊ रान किंवा पाणी लोक स्वतःच्या नियमांनी पिढ्यान्‌पिढ्या राखू शकतात, हे ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखवले होते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या क्षेत्रात शिकण्याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर ध्येय तेच राहते, साधन बदलते. दुसऱ्या पायरीवर मूळ समजूतच तपासली जाते. तिसऱ्या पायरीवर प्रश्न येतो तो निर्णय कुणी घ्यायचा हा. पहिली पायरी सोपी, दुसरी अवघड आणि तिसरी सर्वांत अवघड असते, कारण तिथे अधिकार वाटून घ्यावा लागतो.

देशाने मोजलेली किंमत

समजूत तपासली नाही तर काय होते, याचा धडा भारताला राजस्थानातील भरतपूरने दिला. केवलादेव घना हे पाणपक्ष्यांचे प्रसिद्ध क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथली गुरांची चराई बंद करण्यात आली. विरोध झाला, गोळीबार झाला, गावकऱ्यांचे जीव गेले. गुरे गेली की पक्षी वाढतील, अशी अपेक्षा होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात उलटेच दिसले. म्हशी जे पाणगवत खाऊन आटोक्यात ठेवत होत्या, ते आता माजले आणि उथळ पाणी त्याने व्यापले. पक्ष्यांना लागणारी मोकळी पाणथळ जागा त्यामुळे आक्रसली. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही पर्यटकांना आवरण्यासाठी घातलेल्या जाळीच्या कुंपणाने गुरांची ये-जा थांबली आणि उंच गवत वाढून रानफुलांना त्रास होतो, अशी निरीक्षणे पुढे आली. पुढे ते कुंपण हटवण्यात आले. चराई सगळीकडे चांगली किंवा सगळीकडे वाईट, असा नियम यातून निघत नाही. प्रत्येक जागेचे उत्तर त्या जागेवरच शोधावे लागते, एवढेच निघते.

दुसरा मोठा धडा राजस्थानातल्याच सरिस्का व्याघ्र प्रकल्पाचा. तिथे एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ साली स्पष्ट झाले. कागदावर मात्र तोवर वाघ होते, कारण मोजणी पावलांच्या ठशांवर चालत होती. त्या पद्धतीने देशात २००१-०२ मध्ये ३,६४२ वाघ मोजले गेले होते. सरिस्कानंतर केंद्राने सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले, कायद्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण उभे राहिले आणि ठशांची जागा कॅमेरा ट्रॅप व संख्याशास्त्रीय अंदाजाने घेतली. नव्या पद्धतीचा २००६ चा आकडा निघाला १,४११. तो जाहीर करायला धैर्य लागले असणार. पण त्या कटू आकड्यावरच पुढची सुधारणा उभी राहिली आणि २०२२ च्या अंदाजात देशातील वाघ ३,६८२ झाले. दर चार वर्षांनी गणना आणि व्याघ्र प्रकल्पांच्या कारभाराचे स्वतंत्र मूल्यमापन ही रीत आता रुळली आहे.

रायपूरभोवतालचा जंगलाचा पट्टा

छत्तीसगडच्या सुमारे ४४ टक्के भूभागाची सरकारी नोंद वनक्षेत्र म्हणून आहे. राज्यात तीन राष्ट्रीय उद्याने, अकरा अभयारण्ये आणि चार व्याघ्र प्रकल्प आहेत. बिजापूरचा इंद्रावती, मुंगेलीकडचा अचानकमार आणि गरियाबंद-धमतरीतला उदंती-सीतानदी हे तीन जुने. गुरू घासीदास-तमोर पिंगला हा चौथा नोव्हेंबर २०२४ मध्ये अधिसूचित झाला. त्याचे क्षेत्र २,८२९ चौरस किलोमीटर असून तो देशातला ५६वा व्याघ्र प्रकल्प ठरला.

यांपैकी उदंती-सीतानदी रायपूरच्या दक्षिणेला, ओडिशाच्या सीमेला लागून आहे. १,८४२ चौरस किलोमीटरच्या या प्रकल्पात गाभा क्षेत्र सुमारे ८५१ चौरस किलोमीटर आणि उरलेले बफर. रायपूरच्या पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवर बारनवापारा अभयारण्य लागते. बार आणि नवापारा या दोन वनगावांच्या नावांवरून नाव पडलेले हे २४५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य १९७६ साली स्थापन झाले. साल, साग, बांबू आणि मधूनमधून गवताळ मैदाने असे त्याचे रूप आहे. या सगळ्या जंगलांत आणि त्यांच्या काठाने गोंड, कमार, भुंजिया अशा समाजांची गावे आहेत. मोहफुले, तेंदूपत्ता, चार, सालबिया यांवर त्यांचे वर्षाचे गणित बसते. माणसे वगळून या जंगलाचा विचार करताच येत नाही.

वाळूच्या थराने वाचलेले काळवीट

शिकण्याची पहिली पायरी बारनवापारात अगदी जवळून पाहता येते. या भागातून काळवीट काही दशकांपूर्वी नाहीसे झाले होते. २०१८ साली राज्य वन्यजीव मंडळाने त्यांना परत आणण्याच्या योजनेला मंजुरी दिली. दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातून ५० आणि बिलासपूरच्या कानन पेंडारीतून २७ असे ७७ काळवीट आणून रामपूरच्या कुरणात कुंपण घातलेल्या बाड्यात ठेवण्यात आले.

सुरुवात वाईट झाली. काळवीट हा मोकळ्या, कोरड्या मैदानावरचा प्राणी. छत्तीसगडच्या पावसाळ्यात बाड्यातली जमीन पाणी धरून ठेवू लागली. ओल्या जमिनीवर उभे राहणारे आणि बसणारे प्राणी न्यूमोनियाने दगावू लागले. इथे दोन मार्ग होते. हे हवामान काळविटांना मानवत नाही असे म्हणून योजना गुंडाळायची, किंवा मृत्यूच्या कारणापाशी जायचे. खात्याने दुसरा मार्ग धरला. बाड्यात वाळूचा जाड थर टाकला, पाणी निघून जाईल असे चर काढले, शेण आणि उरलेल्या चाऱ्याची नियमित सफाई सुरू केली, पशुवैद्यकाची देखरेख ठेवली. मृत्यू आटोक्यात आले, पिल्ले जगू लागली आणि कळप दीडशेच्या पुढे गेला. काही काळवीट टप्प्याटप्प्याने खुल्या रानात सोडण्यात आले.

वाळू टाकणे हा साधा उपाय आहे. तो सुचला, कारण प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले गेले आणि ते कारण जमिनीपर्यंत नेऊन भिडवले गेले. प्राणी आणून सोडण्याच्या कितीतरी योजना याच टप्प्यावर बुडतात. आकडा कमी झाला की नवे प्राणी मागवले जातात आणि कारण तसेच राहते. आता खुल्या रानातला टप्पा त्याहून कठीण आहे. तिथे कुत्रे, बिबटे, शिकारी आणि बदलते गवत यांच्याशी गाठ आहे. गवताची उंची, पिल्लांचे जगणे, मृत्यूची कारणे यांची नोंद वर्षानुवर्षे राहिली, तरच बाड्यातले यश रानात टिकेल.

रानम्हैस : समजुतींची परीक्षा

रानम्हैस हा छत्तीसगडचा राज्यप्राणी. उदंतीत २००६-०७ च्या सुमारास ती इतकी कमी झाली, की जेमतेम सात जनावरे उरली आणि त्यांत मादी एकच. तिचे नाव आशा. गावातल्या पाळीव म्हशींशी होणारा संकर, गुरांचे रोग आणि आक्रसलेले कुरण ही घसरणीची कारणे होती. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेच्या साथीने वनखात्याने आशाला कुंपणाच्या आत ठेवून प्रजननाचा कार्यक्रम हाती घेतला. तिला पिल्ले झाली, पण बहुतेक नर. कळप वाढला तरी वंश वाढेना. फेब्रुवारी २०२० मध्ये आशा मरण पावली.

मधल्या काळात तंत्रज्ञानाचा आधार घेऊन पाहिला गेला. हरियाणातील कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत आशाच्या पेशींपासून डिसेंबर २०१४ मध्ये दीपआशा ही क्लोन मादी जन्मली आणि २०१८ मध्ये ती नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणली गेली. ती वाढली तशी तिची ठेवण पाळीव मुऱ्हा म्हशीसारखी दिसते, असा आक्षेप वन्यजीव कार्यकर्त्यांनी घेतला. दुसरा मार्ग आसामचा होता. मानस राष्ट्रीय उद्यानातून २०२० मध्ये एक नर व एक मादी आणि २०२३ मध्ये आणखी चार माद्या बारनवापारात आणल्या गेल्या. त्यावरही प्रश्न आले. आसामच्या म्हशी आणि मध्य भारतातल्या म्हशी यांची जनुके मिसळावीत का? ओल्या गवताळ पूरमैदानातले जनावर सालाच्या कोरड्या जंगलात रुळेल का? आणि रानातून पकडून आणलेले जनावर कुंपणातच राहिले तर त्याला संवर्धन म्हणायचे का?

सर्वोच्च न्यायालयानेही यात लक्ष घातले होते. जंगलरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात १३ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात न्यायालयाने छत्तीसगड सरकारला रानम्हशीचे रक्षण करण्याचे, पाळीव म्हशींशी संकर रोखण्याचे आणि त्यासाठी पुरेसा निधी देण्याचे आदेश दिले. म्हणजे या एका प्राण्याच्या निमित्ताने वनखाते, स्वयंसेवी संस्था, प्रयोगशाळा, दुसरे राज्य, न्यायालय आणि नागरिक असे सहा घटक एका टेबलाशी आले. अनुकूलनशील कारभारात असेच अनेक घटक लागतात. उणीव राहिली ती वेगळी. कोणता प्रयोग कोणत्या निकषावर यशस्वी मानायचा आणि कोणत्या वळणावर थांबवायचा, हे आरंभीच सर्वांसमोर लिहून ठेवलेले असेल, तर नंतरचा वाद पुराव्यावर होतो. तसे नसेल तर प्रत्येक पक्ष आपल्या मताला चिकटून बसतो. रानम्हशीच्या बाबतीत बराच काळ असेच झाले.

या प्रश्नाचा एक धागा महाराष्ट्रातही आहे. इंद्रावती नदीच्या अलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातल्या कोलामार्का परिसरात रानम्हशी आहेत. २०१३ साली महाराष्ट्राने सुमारे १८१ चौरस किलोमीटरचे कोलामार्का संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. नदी ही राज्यांची हद्द असली तरी म्हशींसाठी ती पाण्याची जागा आहे. मध्य भारतातली शुद्ध वंशाची रानम्हैस वाचवायची असेल, तर छत्तीसगड आणि महाराष्ट्र यांनी एकच नोंदवही ठेवणे ही पहिली गरज ठरते.

पिंजऱ्याकडून घरट्याकडे

समजूत बदलून मार्ग सापडल्याचे उदाहरण बस्तरमध्ये आहे. पहाडी मैना हा छत्तीसगडचा राज्यपक्षी. माणसाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करत असल्याने तिची पिल्ले पकडून विकली जात. ती वाचवण्यासाठी जगदलपूरला मोठा पिंजरा उभारून प्रजननाचा प्रयत्न अनेक वर्षे चालला. नर आणि मादी दिसायला सारखेच असल्याने जोडी लावणेच कठीण झाले आणि त्या प्रयत्नाला यश आले नाही.

पुढे कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाने दिशा बदलली. भोवतालच्या गावांतल्या तरुणांना ‘मैना मित्र’ म्हणून नेमले. झाडांच्या ढोलीतली घरटी शोधणे, त्यांवर नजर ठेवणे, थव्यांची नोंद करणे आणि गावातल्या मुलांना गलोल सोडायला लावणे ही त्यांची कामे. मैना पिंजऱ्यात वाढवायची ही कल्पना सोडून घरट्याभोवतालचे गाव तिच्या बाजूने उभे करायचे, हा खरा बदल होता. पूर्वी घरट्यातून पिल्ले काढण्यासाठी वापरले जाणारे ज्ञान आता घरटे राखण्याच्या कामी आले.

हत्तींच्या मागावर

हत्ती हे छत्तीसगडसाठी तुलनेने नवे आव्हान. झारखंड आणि ओडिशातली जंगले खाणींनी व रस्त्यांनी तुटत गेली, तसे कळप १९८०-९० च्या दशकांत सरगुजा भागात आले आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेले. गेल्या काही वर्षांत राज्यात शेकडो माणसे हत्तींच्या हल्ल्यात मरण पावली. हत्तींचेही विजेच्या तारांना लागून मृत्यू झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये एक कळप गडचिरोलीतही शिरला आणि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या गावांना हा प्रश्न प्रथमच अनुभवाला आला.

हत्ती हुसकावणे, त्यांना पकडणे, मशाली आणि फटाके हे उपाय आधी झाले. हुसकावलेला हत्ती शेजारच्या गावात जातो आणि अधिक बिथरलेला असतो, हे अनुभवाने कळले. उदंती-सीतानदीत त्यापुढचे पाऊल पडले. इथे हाथी मित्र दलाचे गावकरी आणि वनरक्षक पायी माग काढतात. ताजी लीद, पावलांचे ठसे, मोडलेल्या फांद्या, सोललेली साल यांवरून कळप कुठे आहे आणि कुणीकडे निघाला आहे याचा अंदाज घेतात आणि तो मोबाइलवर भरतात. ती माहिती हत्ती मागोवा व इशारा ॲपमध्ये जाते आणि दहा किलोमीटरच्या आतल्या नोंदणी केलेल्या गावकऱ्यांना फोन, एसएमएस आणि व्हॉट्सॲपवरून सूचना मिळते. हे ॲप वनखात्याच्या माहिती विभागाने एका स्टार्टअपच्या साथीने २०२३ च्या सुमारास तयार केले.

यंत्रापेक्षा यातली रचना मोलाची आहे. माग काढणारा गावचाच, इशारा ऐकणाराही गावचाच. संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली जायचे की नाही, शेतावरच्या मचाणावर झोपायचे की घरी, हे ठरवायला माणसाला वेळ मिळतो. ज्या पाड्यात मोबाइलचा सिग्नल पोहोचत नाही, तिथे गावच्या कोटवाराची दवंडीच कामी येते. कुठल्या गावात इशारा पोहोचला नाही आणि का, हे दर हंगामानंतर तपासले गेले, तर ही व्यवस्था दरवर्षी सुधारत जाईल.

निर्णय कुणाचा

तिसरी पायरी ग्रामसभेपाशी येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतले जंगल राखण्याचा, त्याचा कारभार पाहण्याचा सामूहिक हक्क दिला. हा हक्क अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांतही लागू आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये मिळाला आणि देशभर त्याचे उदाहरण झाले. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात तो मान्य करायला मात्र राज्ये कचरत राहिली.

छत्तीसगडने ९ ऑगस्ट २०२१ रोजी, जागतिक आदिवासी दिनी, उदंती-सीतानदीच्या गाभा क्षेत्रातील करही, जोरातराई, बहीगाव आणि मासुलखोई यांसह पाच गावांना ५,५४४ हेक्टर जंगलावर सामूहिक वनसंसाधन हक्क दिला. २०२२ मध्ये कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातल्या गुडियापदर गावालाही तो मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये धमतरी जिल्ह्यातील कमार समाजाच्या अधिवास हक्काला मान्यता मिळाली.

हक्कामुळे गाव जंगलाचे राखणदार आपोआप होत नाही. आग लागू नये म्हणून पाळ्या लावणे, कोणत्या भागात गुरे नेऊ नयेत हे ठरवणे, शिकाऱ्यांची खबर देणे, तण काढणे, तेंदू आणि मोह किती व कसा गोळा करायचा याचे नियम करणे ही कामे ग्रामसभेला करावी लागतात. पण हक्क असल्याशिवाय ही कामे गाव आपली मानणार नाही, हेही तितकेच खरे. जंगलातील नवी अतिक्रमणे उपग्रहाच्या जुन्या-नव्या चित्रांवरून शोधून हटवण्याची मोहीमही उदंती-सीतानदीत चालली. ती न्याय्य ठरायची तर जुना हक्कदार कोण आणि नवा अतिक्रमक कोण, याची शहानिशा ग्रामसभेसमोर व्हायला हवी. उपग्रहाचे चित्र झाडे कधी तुटली ते सांगते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोण राहते, ते गावच सांगू शकते.

अधिकाराचा हा तिढा २०२५ मध्ये उघड झाला. मे महिन्यात राज्याच्या वनखात्याने पत्र काढून सामूहिक वनसंसाधन क्षेत्रांच्या व्यवस्थापनाची सूत्रे स्वतःकडे घेतली. ग्रामसभांनी आणि संघटनांनी राज्यभर विरोध केला. कायद्याने हा अधिकार ग्रामसभेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जुलैमध्ये ते पत्र मागे घेण्यात आले. सरकारने चुकलेला आदेश मागे घेणे ही कमीपणाची गोष्ट नाही. शिकणाऱ्या कारभाराचे ते लक्षण आहे. पत्र काढण्याआधी ग्रामसभांशी बोलणे झाले असते, तर ते अधिक मोठे लक्षण ठरले असते.

अडते कुठे

छत्तीसगडमधील वाघांचा अंदाज २०१४ मध्ये ४६, २०१८ मध्ये १९ आणि २०२२ मध्ये १७ असा घसरत गेला. इतके जंगल असूनही वाघ कमी का, याचे उत्तर मुख्यतः भक्ष्याच्या टंचाईत आणि शिकारीत आहे. चितळ, सांबर, रानडुक्कर पुरेसे नसतील, फासे आणि विजेच्या तारा लावल्या जात असतील, तर राजपत्रातल्या अधिसूचनेने वाघ वाढत नाहीत. नवा व्याघ्र प्रकल्प घोषित होणे ही आरंभरेषा आहे.

शिकण्याच्या आड येणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. पहिली, बदल्या. एखादा अधिकारी दोन-तीन वर्षे मेहनतीने एक रीत बसवतो आणि तो गेला की रीतही जाते. दुसरी, पैशांचे वार्षिक चक्र. गवताचा किंवा कळपाचा प्रयोग फळाला यायला दहा वर्षे लागतात, निधी मात्र मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. त्यामुळे मोजता येईल असे बांधकाम होते आणि निरीक्षण मागे पडते. तिसरी, चूक कबूल करण्याची भीती. जनावर मेले की चौकशी आणि टीका सुरू होते. म्हणून मृत्यूचे खरे कारण कागदावर येत नाही आणि पुढच्या वेळी तेच घडते. चौथी, माहिती बंद कपाटात राहणे. गावकऱ्यांनी गोळा केलेली निरीक्षणे वरच्या कार्यालयात जातात आणि त्यांचा निष्कर्ष गावापर्यंत परत येत नाही. पाचवी, हद्दी. उदंतीला लागून ओडिशाचे सुनाबेडा अभयारण्य आहे. शिकारी आणि जनावरे दोन्ही सीमा ओलांडतात. दोन राज्यांची यंत्रणा मात्र सीमेपाशी थांबते.

काय करता येईल

यातली बरीच कामे फार पैसा न लागणारी आहेत. प्रत्येक मोठ्या उपायाबरोबर तो का केला, काय अपेक्षा होती, काय मोजायचे आणि किती काळाने फेरविचार करायचा, हे चार मुद्दे लिहून ठेवावेत. बदलून येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ही नोंद आधी पडावी. फसलेल्या प्रयोगाचा अहवाल यशस्वी प्रयोगाइतक्याच तपशिलाने लिहावा आणि तसा लिहिणाऱ्याला संरक्षण असावे. पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा वनखाते, ग्रामसभा आणि संशोधक यांनी गावातच बसून वर्षाचा हिशेब मांडावा, आणि तो हिंदीबरोबर छत्तीसगढी, गोंडी, हलबी या बोलींतूनही सांगितला जावा. छत्तीसगड, ओडिशा आणि महाराष्ट्र यांनी रानम्हैस, हत्ती आणि वाघ यांच्या नोंदी एकत्र कराव्यात. वनरक्षक आणि माग काढणारे गावकरी यांच्या मानधनाला आणि विम्याला बांधकामाच्या आधी पैसे मिळावेत, कारण सगळी माहिती त्यांच्या पायांनी गोळा होते.

नागरिकांचाही यात वाटा आहे. बारनवापारा किंवा कांगेर घाटीला जाणाऱ्याने वाघ दिसला का, एवढ्यावर जंगलाची पारख करू नये. तण काढले गेले का, पाणवठ्यांची निगा आहे का, वाटाड्या स्थानिक आहे का, गावाला पर्यटनाचा वाटा मिळतो का, हे विचारावे. अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा आणि मूल्यमापन अहवाल मागून वाचणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे.

गेल्या दोन दशकांचा निष्कर्ष स्पष्ट आहे. काळवीट वाचले ते मृत्यूचे कारण शोधल्याने, मैनेला आधार मिळाला तो फसलेली कल्पना सोडून दिल्याने, हत्तींची चाहूल वेळेत मिळू लागली ती गावकऱ्यांच्या हाती माहितीची सूत्रे दिल्याने. जिथे नोंद झाली, फेरविचार झाला आणि गावाला सोबत घेतले गेले, तिथे जंगलाला फायदा झाला. छत्तीसगडमध्ये ही रीत काही ठिकाणी, काही जणांच्या जिद्दीवर उभी आहे. ती नियमात, अंदाजपत्रकात आणि ग्रामसभेच्या ठरावात उतरली पाहिजे. तसे झाले तरच अधिकारी बदलले, सरकारे बदलली, पाऊस बदलला, तरी जंगलाची राखण खंडित होणार नाही.